बागेतली तोफ: एका स्मृतिउद्यानातल्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका लहान गावातलं हे स्मृतिउद्यान. मध्ये एक दगडी भिंत, तिच्यावर गावातून लढाईवर गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची नावं. भिंतीसमोर चौथऱ्यावर एक तोफ. गावाचं नाव आणि माणसांच्या ओळखी इथे मुद्दाम वगळल्या आहेत. बाकी घडलं तसं लिहिलं आहे. मी त्या वेळी उद्यान समितीचा चिटणीस होतो. आधी तांत्रिक शाळेत शिकवायचो, त्यामुळे ‘लोखंडाचं काही असेल तर सरांना विचारा’ असा एक समज होता. तोफांमधलं मला काहीही कळत नव्हतं, हे इथेच कबूल करतो.

तोफेपुढच्या फलकावर एकच ओळ होती: ‘पहिल्या महायुद्धातील तोफ’. दर दोन-चार वर्षांनी एखादा समारंभ आला की तिला रंग लागायचा. कधी चंदेरी, कधी चकचकीत काळा, एकदा तर चाकांच्या तुंब्यांना सोनेरी. नळीच्या तोंडात कोणी तरी फार पूर्वी सिमेंट भरून टाकलं होतं, कारण मुलं आत बाटल्या आणि कागद कोंबायची. मागचा ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं दार, वेल्डिंग करून बंद होता. दोन्ही तोंडं बंद म्हणजे तोफ सुरक्षित, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

काय घडलं

एका रविवारी संध्याकाळी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा तोफेच्या ढालीला, म्हणजे तोफेसमोरच्या संरक्षक पत्र्याला, लोंबकळला. ढालीच्या खालच्या कडेचा पत्रा वरून गुळगुळीत काळा दिसत होता, पण रंगाखाली लोखंड उरलंच नव्हतं. पत्रा फाटला, मुलाचा तळहात कापला, चार टाके पडले. जखम बरी झाली, तरी समितीची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो आणि ढालीच्या कडेला हलकेच टोचला, तर तो आरपार गेला. तोफेचा मागचा लांब पोलादी दांडा, ज्याला ट्रेल म्हणतात, आतून पोकळ असतो. त्यात पानं, माती आणि पाणी साचून काळा चिखल झाला होता. पाणी जायची भोकं दर रंगकामात थोडी थोडी बुजत गेली होती. म्हणजे तोफ राखण्यासाठी आम्ही जे करत होतो, त्यानेच ती आतून कुजत होती.

आठवड्याभरात बैठक झाली. तिथे एका कंत्राटदाराचा प्रस्ताव तयारच होता: संपूर्ण सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने सफाई), फाटलेल्या जागी पत्रे वेल्ड करणं, हलणारे सगळे भाग एकमेकांना वेल्डने जोडून टाकणं आणि वर चकचकीत रंग. तीन आठवड्यांत काम पूर्ण. समारंभ दोन महिन्यांवर होता. प्रस्ताव मंजूर झाला, आणि मीही हात वर केला होता.

पहिला निर्णयबिंदू: काम थांबवायचं का

कंत्राटदाराचा मिस्त्री गॅस कटर घेऊन आला त्या सकाळी बागेत रोज फिरायला येणारे एक काका तिथे होते. तोफखान्यातून निवृत्त झालेले गनर. त्यांना समितीने कधी काही विचारलं नव्हतं. मिस्त्री नळीखालच्या लांब डब्यासारख्या भागाकडे वळला तसे काका दोरी ओलांडून आत आले.

“सर, त्याला सांगा, कटर बाजूला ठेव. त्या नळकांड्याला आच लावायची नाही.”

“काका, रिकामी तोफ आहे ती. कित्येक वर्षं इथेच आहे.”

“रिकामी आहे हे कोणी पाहिलं? आणि नळी रिकामी असली तरी रिकॉइलमध्ये दाब असतो.”

त्यांनी सांगितलं ते असं. गोळा सुटला की नळी मागे सरकते. तिचा धक्का तेल झेलतं आणि दाबलेली हवा तिला परत पुढे ढकलते. ही हवा-तेलाची यंत्रणा नळीखालच्या पाळण्यात बंद असते. तोफ निवृत्त झाली म्हणून तो दाब आपोआप जात नाही. सील टिकलं असेल तर अनेक दशकांनंतरही तो तिथेच असतो. अशा सिलिंडरला आच दिली किंवा त्याची टोपी चुकीच्या क्रमाने सोडली, तर ती टोपी गोळीसारखी बाहेर येते.

दुसरा मुद्दा नळीचा. पुढून सिमेंट, मागून वेल्ड. आत काय आहे हे जिवंत माणसांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ही भीती तेव्हा अतिरेकी वाटली. पण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या एका अठराव्या शतकातल्या तोफेचा गंज काढताना २०१३ साली कामगारांना आत गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू सापडली होती. वर्षानुवर्षं ती तोफ लोकांसमोर मांडलेली होती.

मी काम थांबवलं. समितीची परवानगी घेतली नव्हती, आणि त्यावरून नंतर बरंच ऐकूनही घेतलं.

दुसरा निर्णयबिंदू: तोफ कोणाची

थांबवलेलं काम पुन्हा सुरू करायचं तर लेखी आधार हवा होता. म्हणून जुनी कपाटं उघडली. समिती ‘आपली तोफ’ म्हणत आली होती, पण देणगीपत्र सापडलं नाही. सापडली ती एक पिवळी पडलेली पोच. तिच्यावर लिहिलं होतं, की तोफ प्रदर्शनासाठी उसनी दिली आहे, तिच्यात कोणताही बदल पूर्वपरवानगीशिवाय करू नये आणि स्थितीचा अहवाल दरवर्षी पाठवावा. मालकी लष्कराकडेच होती. अहवाल एकदाही गेलेला नव्हता.

समितीत दोन तट पडले. एक गट म्हणाला, इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, आता पत्र लिहून आपणच दार कशाला ठोठवा. तोफ परत मागतील. दुसऱ्या गटाचं म्हणणं, मुलगा जखमी झाल्यावर हा कागद हाताशी असूनही दडवला, तर पुढच्या वेळी जबाबदारी आपल्या गळ्यात. अध्यक्षाबाईंनी वाद मिटवला तो एका प्रश्नाने: “उद्या आत काही निघालं, तर ते काढायला आपण कोणाला बोलावणार आहोत?” पत्र गेलं.

कोणते पर्याय तोलले

उत्तर यायला सात महिने लागले. या काळात भोवती बांबूचं कुंपण होतं आणि समारंभ त्या कुंपणासमोरच उरकला. लोक चिडले. वाट पाहताना चर्चा मात्र भरपूर झाली.

तोफ परत करून तिथे नुसतं झाड लावावं, असं दोघांचं मत होतं. त्यात एक स्वच्छपणा होता, हे नाकारता येत नाही. स्मारकापुढे शस्त्र हवंच कशाला, हा प्रश्न नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथल्या असंख्य गावांना शत्रूकडून जिंकलेल्या तोफा वाटल्या गेल्या, आणि त्यातल्या कितीतरी दुसऱ्या महायुद्धात भंगार म्हणून भट्टीत गेल्या. पण आमच्या भिंतीवरच्या नावांच्या घरच्यांना विचारलं, तेव्हा एकानेही तोफ हलवा म्हटलं नाही.

प्रतिकृती बसवायचा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला. वर छप्पर घालायचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सगळ्यांत चांगला होता, कारण गंजाला पाणी लागतं आणि छप्पर पाणी तोडतं; पण छपराचे खांब नेमके नावांच्या भिंतीला झाकत होते. तो आम्ही सोडला. हा निर्णय बरोबर होता असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही.

कंत्राटदाराचा सँडब्लास्टिंगचा प्रस्ताव पुन्हा टेबलावर आला, पण आता त्याकडे पाहण्याची नजर बदलली होती. वाळूचा मारा गंज काढतो, तसाच तो उठावाचे शिक्के, क्रमांक आणि रंगाचे जुने थर कायमचे उडवतो, शिवाय वाळूचे कण बेअरिंगांत जाऊन बसतात. जुन्या लष्करी रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. कोरडं घासलं तर ती धूळ थेट बागेत पसरणार. शिशाच्या तपासणीची एक कांडी रंगाच्या खरवडलेल्या कडेवर घासून पाहिली, तिचं टोक गुलाबी झालं. तो विषय तिथेच संपला.

राहिला टप्प्याटप्प्याने जतनाचा मार्ग: आधी आतली सुरक्षा, मग पाण्याचा निचरा, मग गंज, आणि रंग सर्वांत शेवटी. लांबचा रस्ता, आणि पहिले तीन टप्पे लोकांना दिसतही नाहीत.

प्रत्यक्ष काम

लष्कराचं उत्तर आलं ते सौम्य होतं. तोफ राहू द्या, आमचं पथक येईल. पथक आलं त्या दिवशी बाग रिकामी केली होती. सिमेंट त्यांनी पाणी मारत, हातोडा न वापरता, थोडं थोडं काढलं. शेवटचा तुकडा सुटला तसं नळीतून विटकरी रंगाचं पाणी बदाबदा वाहत चौथऱ्यावर आलं, आणि त्याबरोबर गोट्या, एक चमचा आणि बाटल्यांची झाकणं. मग कॅमेऱ्याची लवचीक नळी आत गेली. चेंबर, म्हणजे गोळा बसायची जागा, रिकामं होतं.

रिकॉइलची टोपी त्यांनी ठरलेल्या क्रमाने, बाजूला उभं राहून, अगदी चिमूटभर सैल केली. फुस्स असा बारीक आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. मग काळपट तेलाचा एक थेंब, मागोमाग धार. मिस्त्री माझ्या शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. त्याने फक्त कानाची पाळी पकडली.

त्यानंतरचं काम आमचं. ट्रेलमधला चिखल चमच्यांनी आणि पाण्याने काढला, बुजलेली भोकं मोकळी केली. रंग रसायनाने मऊ करून ओला असतानाच खरवडला, खरवड डब्यात गोळा केली. ढालीची गेलेली कड कापून नवा पत्रा बसवला, पण वेल्ड न करता बोल्टने, जुन्याच भोकांतून. आणि पत्र्याच्या मागे बसवल्याचं वर्ष ठोकलं, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी तो मूळचा समजणार नाही. एपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंजरोधक अस्तर, आणि वर मॅट हिरवा. नळीच्या तोंडाला आता जाळीची टोपी आहे. हवा जाते, बाटली जात नाही. आणि नळी अगदी किंचित खाली झुकवली, पाणी आत थांबू नये म्हणून.

टायर हा वेगळाच त्रास. सुमारे १,८०० किलोंचं वजन कुजलेल्या रबरावर होतं. आम्ही आसाखाली पोलादी घोडे लावून चाकं बोटभर उचलली. लांबून पाहिलं तर कळत नाही.

तिसरा निर्णयबिंदू: फलकावर काय लिहायचं

हा भाग मला सगळ्यांत अवघड गेला.

ब्रीचच्या कड्यावर रंगाचे थर इतके जाड होते की शिक्के दिसतच नव्हते. लाकडी काडीने मऊ झालेला रंग सरकवत गेलो आणि अक्षरं वर आली: ‘क्यू. एफ. २५ पीआर’, खाली १९४३. म्हणजे ही २५ पाउंडर. २५ पाउंडांच्या, म्हणजे सुमारे ११.३ किलोंच्या, गोळ्यावरून पडलेलं नाव. नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर, पल्ला जास्तीत जास्त सव्वाबारा किलोमीटरच्या आसपास. ही तोफ सैन्यात आली तीच १९४० च्या सुमारास. पहिल्या महायुद्धाशी तिचा संबंध असूच शकत नव्हता. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांना चुकीचं वाचायला लावत होतो.

ट्रेलच्या आतल्या बाजूला एका कोपऱ्यात बारीक पॉलिशपेपरने रुपयाएवढी जागा गोल घासली. झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं उमटली: काळा, चंदेरी, पुन्हा काळा, गडद हिरवा, आणि सगळ्यांत खाली वाळूसारखा पिवळा. बातमी गावात पसरायला तासही लागला नाही. वाळूचा रंग म्हणजे वाळवंट, वाळवंट म्हणजे अल अलामेन, इजिप्तमधली दुसऱ्या महायुद्धातली लढाई! २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री तिथे आठ-नऊशे तोफा एकदम सुरू झाल्या, त्यांत बहुसंख्य २५ पाउंडर होत्या, हे खरंच आहे. पण आमच्या नळीवर १९४३ होतं. मग गाड्याची, म्हणजे नळी जिच्यावर बसते त्या चाकांच्या सांगाड्याची, पाटी साफ केली, तिच्यावर १९४१ निघालं.

“बघा, गाडा तरी होताच ना तिथे!” एक सभासद म्हणाले.

काका हसले. वर्कशॉपमध्ये नळ्या आणि गाडे नेहमीच बदलले जातात, त्यांनी समजावलं. नळी झिजली की दुसरी चढवायची. वाळूचा रंगही बऱ्याच ठिकाणी देत असत. शिवाय नळीच्या टोकाला मझल ब्रेक, म्हणजे मागे येणारा धक्का कमी करणारा भाग, होता, तोही युद्धाच्या मध्यावर, रणगाडे फोडायच्या जास्त ताकदीच्या दारूसाठी आलेला. तोफ एका तारखेची नव्हतीच.

यापेक्षा अवघड भेट पुढे होती. भिंतीवर १९१७ मध्ये गेलेल्या एका शिपायाचं नाव आहे. त्याच्या घरची माणसं दर वर्षी तोफेला हात लावून जातात. आजोबा याच तोफेवर होते, असं त्यांच्या घरात सांगितलं जातं. फलक बदलण्याआधी मी आणि अध्यक्षाबाई त्यांच्याकडे गेलो. घरातल्या आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ते कोणत्या तोफेवर होते?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते गनर होते की पायदळात, हेही कागदावर नव्हतं. आजी म्हणाल्या, “मग लिहा खरं. आम्ही भिंतीला हात लावू.”

नव्या फलकावर एवढंच आहे: तोफेचा प्रकार, नळीचं वर्ष, गाड्याचं वर्ष, ती कोणाच्या मालकीची आहे, आणि तिचा लढाईतला इतिहास ज्ञात नाही ही ओळ. या शेवटच्या ओळीवर मतदान घ्यावं लागलं. एका मताच्या फरकाने मंजूर झाली.

चढू द्यायचं की नाही

माझं मत होतं, चारही बाजूंनी उंच कुंपण. काकांचं मत उलटं. ते म्हणाले, पोरं चढतात म्हणूनच त्यांना तोफ आठवते. कुंपणात टाकलीत तर ती परत नुसती काळी वस्तू होईल. दोन्हींच्या मधला उपाय निघाला तो एका गुलाबाच्या वाफ्यामुळे. वाफ्याला लोखंडाचं मोठं, आऱ्यांचं वर्तुळ घातलेलं होतं, बैलगाडीचं चाक आडवं ठेवल्यासारखं. काका एक दिवस त्यापाशी थबकले. तो तोफेचाच फायरिंग प्लॅटफॉर्म होता. २५ पाउंडर अशा गोल चकतीवर उभी करतात, म्हणजे एक माणूस ट्रेल उचलून ती कोणत्याही दिशेला फिरवू शकतो. माळ्याला ती वाफ्यासाठी सोयीची वाटली होती, आणि त्यात त्याची काय चूक.

प्लॅटफॉर्म साफ करून तोफेशेजारी जमिनीत, मातीच्या पातळीला बसवला. त्यावर मुलं उभी राहतात, उड्या मारतात. तोफेभोवती गुडघाभर कठडा आणि खडीचा पट्टा. महिन्यातून एका शनिवारी काका कठड्याच्या आत पाच-पाच मुलांना नेतात आणि सहा जणांच्या तुकडीत कोण कुठे उभं राहायचं ते दाखवतात. गोळा वेगळा आणि पितळी काडतूस वेगळं भरायचे, हे कळल्यावर दर वेळी एक तरी मूल विचारतं, की मग घाईत उलटं भरलं तर?

निष्पत्ती

त्या अपघातानंतर आजवर कोणी जखमी झालेलं नाही. तोफ गावात राहिली, वार्षिक अहवाल जातो. पहिल्या पावसाळ्यानंतर ट्रेलमध्ये पाणी नव्हतं. ढालीच्या डाव्या बोल्टांभोवती मात्र गंज परत दिसला. तिथे प्रायमर ओल्या पृष्ठभागावर लागला होता, घाई आमची होती. ती जागा पुन्हा केली. कंत्राटदाराशी संबंध बिघडले, आणि त्यात आमचा दोष जास्त आहे. मंजूर केलेलं काम ऐनवेळी थांबवलं, तेही त्याच्या माणसांसमोर.

वेगळं काय करता आलं असतं

मालकीचा कागद पहिल्या दिवशी शोधायला हवा होता. कपाट बैठकीच्या खोलीतच होतं. तो आधी निघाला असता तर मंजुरीचा प्रस्तावच आला नसता आणि सात महिन्यांची वाट अपघाताच्या आठवड्यातच सुरू झाली असती.

काकांना कोणी विचारलं नाही, हे मला अजून टोचतं. ते रोज बागेत यायचे. यादीत नव्हते, एवढंच.

आत काय आहे याची खात्री होण्याआधी आम्ही स्वतः खरवडायला सुरुवात केली नाही, यात शहाणपण कमी आणि कुंपणाची अडचण जास्त होती. मी तर अपघाताच्या दुसऱ्या दिवशी ढालीला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला होता. त्याच उत्साहात नळीतल्या सिमेंटला हात घातला असता, तर कोणी अडवलंही नसतं. अशी तोफ ताब्यात असलेल्या कोणीही नळी, ब्रीच आणि रिकॉइल या तिघांना आयुधतज्ज्ञ येईपर्यंत आच, ड्रिल किंवा हातोडा लावू नये. नेम धरायची साधनं शिल्लक असतील तर त्यांच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्याही उघडू नयेत, त्यांत किरणोत्सारी रेडियम असू शकतं. आमच्या तोफेवरची साधनं केव्हाच गेलेली होती.

आणि कुंपण. सात महिने त्यावर एक साधी पाटी लावायला हवी होती, की आत काय चाललं आहे आणि का थांबलं आहे. आम्ही नुसती ‘प्रवेश बंद’ लावली, आणि लोकांनी आपापली कारणं शोधली. सगळ्यांत लोकप्रिय होतं की समितीने तोफ भंगारात विकली आहे.

सध्या बागेच्या खोलीत एक वही असते, महिन्याला एक पान. निचऱ्याची भोकं, ढालीचे बोल्ट, जाळी, घोडे. टायर जमिनीला टेकत नसल्यामुळे उजवं चाक हाताने फिरतं, हे मुलांनी आमच्याआधी शोधलं. या महिन्याच्या पानावर काकांच्या अक्षरात दोन ओळी आहेत: ‘उजव्या चाकाला ग्रीस दिलं. अडणी लावायची का, पुढच्या बैठकीत घ्यावं. माझं मत, नको.’